अंगणातील शेगडी

आमच्या मरोळ गावठाणातील घराच्या मागील अंगणात शेहेचाळीस वर्षे एक लोखंडी शेगडी उभी होती. शेगडी म्हणजे काय, तर दोनशे लिटरचे तेलाचे पिंप उभे चिरून त्याचा अर्धा भाग आडवा ठेवलेला, त्याला अँगलचे चार पाय, दोन्ही कुशींना भोके आणि वर आठ मिलिमीटर सळयांची जाळी. पप्पांनी ती १९७८ च्या नाताळापूर्वी साकीनाक्याच्या एका वेल्डरकडून करून घेतली आणि एका पायावर छिन्नीने ते साल कोरले. आजची मुले ज्याला बार्बेक्यू म्हणतात ते हेच. कॅरिबियन बेटांवरील मूळ रहिवासी मांस भाजण्यासाठी काटक्यांची जी मांडणी करीत, तिच्या नावावरून स्पॅनिश लोकांनी हा शब्द उचलला आणि तो जगभर फिरला. पप्पांना तो ठाऊक नव्हता. ते तिला ‘पिंप’ म्हणत, म्हणून आम्हीही पिंपच म्हणत आलो.

पिंपाच्या जन्माला एक कारण होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी लाकडाच्या भट्टीची एक बेकरी आहे. नाताळच्या आठवड्यात गावठाणातील प्रत्येक घरचे केकचे साचे, मसाला लावलेल्या कोंबड्या आणि बदके डोक्यावरून त्या भट्टीकडे जात. चाचा प्रत्येक साच्यावर खडूने खूण करीत आणि इतक्या वर्षांत कोणाचा केक कोणाकडे गेला असे घडले नाही. परंतु डुकराचे मांस त्या भट्टीत नेणे शक्य नव्हते. चाचांनी तसे कधी बोलून दाखवले नाही, आणि आमच्यापैकी कोणी त्यांना बोलण्याची वेळ आणली नाही. ते मांस घरच्या घरी भाजायला हवे, म्हणून पप्पांनी पिंप केले.

त्यांचे काही नियम होते. नवे पिंप आणल्यावर एक संपूर्ण दिवस त्यात नुसती लाकडे जाळली. आतील तेल आणि बाहेरील रंग जळून गेल्याशिवाय त्यावर अन्न ठेवायचे नाही. कोणीतरी बाजारातील चकचकीत जाळी सुचवली, तेव्हा तिच्यावर जस्ताचा मुलामा आहे, तो निखाऱ्यावर चालत नाही, असे सांगून त्यांनी ती परत केली. प्रायश्चित्तकाळाचे चाळीस दिवस पिंप थंड राही. पावसाळ्यापूर्वी त्याला गोडे तेल चोळून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले जाई. १९९४ साली तळ गेला, तेव्हा नवा पत्रा लावला. मला वाटे, या हिशेबाने पिंप मला पुरून उरेल.

गेल्या काही वर्षांत मात्र घरात दरवर्षी तोच वाद होऊ लागला. मुलगा म्हणे, “बाबा, आता बदलूया.” मी म्हणे, “अजून एक नाताळ.” लोखंडी वस्तू केव्हा मोडीत काढावी याची लक्षणे मला पप्पांमुळे चांगली ठाऊक आहेत. गंजाचे पापुद्रे निघणे हे लक्षण नव्हे. ते खरवडता येतात. पाय डुगडुगणे हेही नव्हे. पत्रा बोटाने दाबला असता लवला, किंवा जाळीच्या सळया इतक्या झिजल्या की त्यांच्यातून बोंबील खाली पडेल, की मग ती वस्तू संपली. २०२४ च्या नाताळापूर्वी एका संध्याकाळी दिवेलागणीला मी पिंपात विजेरी ठेवली आणि वाकून खालून पाहिले. तळाला एवढी बारीक भोके पडली होती की आकाशदर्शनाचा तक्ता पाहतो आहे असे वाटले. तरीही मी ओल्या वाळूचा थर अंथरला आणि त्यावर कोळसे रचले.

ही झाली पिंपाची हकिगत. अंगणाची हकिगत वेगळी आहे. १९७८ साली आमच्या अंगणामागे एक फणस, एक विहीर आणि मोकळी जागा होती. धूर सरळ वर जाई आणि दिसेनासा होई. आता तिन्ही बाजूंना भिंती आहेत. शेजारच्या वाड्याच्या जागी सात मजल्यांची इमारत उभी राहिली आहे. धूर तिच्या भिंतीवर आदळतो आणि खिडकी खिडकी करीत वर चढतो. त्यात डिसेंबर महिना. मुंबईत त्या दिवसांत वारा मंदावतो, समुद्रावरील वारे उशिरा येतात आणि जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार हवेखाली झाकण घातल्यासारखी अडकून राहते. खाली जे जळते ते खालीच राहते. वर्तमानपत्रांत हवेचे आकडे येऊ लागले तेव्हा ते मी वाचत असे, परंतु ते मोटारींविषयी, बांधकामांविषयी आणि कारखान्यांविषयी आहेत असेच धरून चालत असे.

त्या वर्षी, २३ डिसेंबरला, त्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरील बाई खाली आल्या. त्यांच्या मुलाला दमा आहे हे आम्हांला ऐकून ठाऊक होते. रात्री कधी कधी त्या वाफेच्या यंत्राची घरघर आमच्या अंगणात ऐकू येते. मला वाटले, भांडण होणार, आणि मनातल्या मनात मी उत्तरेही जुळवली. आम्ही येथले मूळचे. तुमची इमारत काल आली. वर्षातून दोन दिवस, त्यात एवढे काय? बाई दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “अंकल, उद्या तुम्ही किती वाजता पेटवणार? म्हणजे मी त्याला दुपारीच घाटकोपरला आजीकडे नेऊन ठेवीन.”

त्यांनी भांडण केले असते तर बरे झाले असते. मी “चार वाजता” असे सांगितले. त्या “हॅपी क्रिसमस” म्हणून गेल्या. नाताळच्या आदल्या दिवशी तीन वाजता एक लहान मुलगा पाठीला दप्तर लावून फाटकाबाहेर पडताना मी पाहिला, आणि चार वाजता पिंप पेटवले. मांस उत्तम भाजले गेले होते. माझ्या घशाखाली ते नीट उतरले नाही, एवढेच.

पुढे जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील हवेसंबंधीच्या प्रकरणात आदेश दिला, की लाकूड आणि कोळसा वापरणाऱ्या बेकऱ्या व उपाहारगृहांनी सहा महिन्यांच्या आत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळावे. चाचा आता थकले आहेत, त्यांचा मुलगा भट्टी पाहतो. त्याच्या तोंडचे पाणी पळाले. भट्टी बदलायला खर्च केवढा, आणि पावाला ती चव राहील का, हाच विषय काही दिवस गल्लीभर होता. मीही तावातावाने त्याची बाजू घेत होतो. बोलता बोलता चाचा मला म्हणाले, “तुम्हांला नोटीस नाही आली ना? मग तुमचं बरं आहे.” आदेश धंद्यासाठी होता, घरच्या अंगणासाठी नव्हे. मला नोटीस आली नव्हती हे खरे. मला एका बाईंनी येऊन वेळ विचारली होती.

५ मार्चला राखेचा बुधवार आला आणि पिंप नेहमीप्रमाणे झाकून ठेवले. त्या प्रायश्चित्तकाळात एका संध्याकाळच्या प्रवचनात आमच्या फादरांनी एक गोष्ट सांगितली, ती मी पूर्वी कधी ध्यानात घेतली नव्हती. योहानलिखित शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनदा येतो. त्यासाठी जो मूळ ग्रीक शब्द आहे, तो संपूर्ण नव्या करारात त्या दोनच ठिकाणी सापडतो. पहिला विस्तव प्रमुख याजकाच्या अंगणातला. थंडी असते, लोक निखाऱ्यांभोवती शेकत असतात, पेत्रही त्यांच्यात उभा राहून शेकतो आणि आपण त्या माणसाला ओळखत नाही असे सांगतो. दुसरा तिबेर्याच्या किनाऱ्यावरचा. पुनरुत्थित प्रभूने पहाटे निखारे पेटवून ठेवलेले आहेत, त्यांवर मासळी आहे, भाकर आहे, आणि दमून आलेल्या शिष्यांना तो न्याहारीला बोलावतो. आजवर आमच्या पिंपाची जात दुसऱ्या विस्तवाची आहे असे मी गृहीत धरले होते. त्या रात्री घरी परतताना मला अंगणात शेकत उभा असलेला पेत्र दिसत राहिला, आणि फाटकातून बाहेर पडणारे ते दप्तर.

तरीही चवीचा प्रश्न होताच, आणि तो क्षुल्लक नाही. कोळशावाचून भाजलेले मांस ते काय, असे मी मुलाला अनेकदा ऐकवले होते. मुलगा रसायनशास्त्र शिकलेला. त्याने समजावले, की नीट फुललेल्या कोळशाला स्वतःची चव फारशी नसते. भाजण्याचा जो खमंगपणा आपण म्हणतो, तो बव्हंशी मांसातील प्रथिने आणि साखर यांच्या तापण्यातून येतो. माय्यार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली त्या क्रियेचे वर्णन केले. उरलेला येतो तो चरबीचे थेंब तापलेल्या पृष्ठभागावर पडून जळल्यामुळे, आणि नेमका तोच धूर दुसऱ्या मजल्यावर जातो. म्हणजे ज्याला मी पप्पांची चव म्हणत होतो, ती पिंपाची नव्हतीच. ती मम्मीच्या बाटली मसाल्याची, ताडीच्या शिरक्याची आणि रात्रभर मुरवण्याची होती. हे मान्य करायला मला आठवडा लागला.

पर्याय दोन होते. एक, झाकणाची कोळशाची शेगडी. तिचा इतिहास मोठा मजेदार आहे. १९५२ साली अमेरिकेत शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन नावाचे गृहस्थ उघड्या शेगडीवरच्या वाऱ्या-पावसाला कंटाळले. ते ज्या कारखान्यात काम करीत, तेथे पाण्यावर तरंगणाऱ्या लोखंडी बोयांचे अर्धगोल बनत. त्यांनी एका अर्धगोलाला पाय लावले आणि दुसऱ्याचे झाकण केले. पप्पांची आणि त्यांची गाठ पडली असती तर दोघांचे जमले असते! अशा शेगडीत कोळसे दोन्ही कडांना लोटून मध्ये पाण्याची थाळी ठेवली आणि मांस तिच्यावर भाजले, तर चरबी निखाऱ्यांवर पडत नाही व धूर पुष्कळ कमी होतो. पण कमी म्हणजे नाहीसा नव्हे. कोळसे पेटताना पहिली वीस मिनिटे तरी तो होतोच. दुसरा पर्याय गॅसचा: झाकण, खाली चरबी गोळा करण्याची थाळी, आणि पेटवताना धूर नाही. अंगणच नसलेल्या आमच्या नातलगांपैकी एकाने बंद गॅलरीत कोळसे पेटवण्याचा बेत केला होता, त्याला मात्र मी तत्काळ थांबवले. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो. बंद जागेत तो माणसाला झोपेतच नेतो.

आम्ही गॅसची घेतली. पैसे मुलाने दिले, कुरकुर मी केली.

पिंपाचे काय करायचे, हे ठरत नव्हते. भंगारवाला दोनदा येऊन वजनाचा अंदाज करून गेला. आमच्या मरोळकरांना खरे तर सोडून देण्याची सवय असायला हवी. १५७९ साली बांधलेले आमचे मूळ चर्च १८४० च्या सुमारास साथीमुळे सोडून वस्ती मरोळला आली. त्याचे अवशेष आज सीप्झच्या कुंपणात उभे आहेत. चर्च मागे ठेवून आलेल्यांचे वंशज आम्ही, आणि एका पिंपापाशी अडून बसलो होतो. शेवटी धर्मग्रामातील तरुणांनीच ते मागितले. १९ एप्रिलला पास्काच्या जागरणविधीसाठी चर्चच्या आवारात नवा अग्नी पेटवायला त्यांना एक मोठे भांडे हवे होते. पिंप हातगाडीवरून गेले. अंधारात अग्नी पेटला, फादरांनी त्याला आशीर्वाद दिला, पास्काची मेणबत्ती त्यावर पेटवली, आणि तळाच्या भोकांतून ठिणग्यांसारखा उजेड फरशीवर सांडत राहिला. विधी संपल्यावर मुलांनी पिंप उचलले, तेव्हा पाय आणि कुशी त्यांच्या हातात आल्या. तळ राखेसह तेथेच राहिला. दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याने ते नेले. १९७८ कोरलेला पाय मी कापून घेतला. त्याला काही उपयोग नाही.

ईस्टरच्या दुपारी नवी शेगडी प्रथम पेटवली. मांस चांगले झाले. पप्पांच्या तोडीचे नव्हे, पण त्यात गॅसचा दोष किती आणि माझ्या घाईचा किती, हे सांगणे कठीण आहे. घाटकोपरला कोणी गेले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी उरलेले मांस गरम करून जेवायला बसलो असताना पोप फ्रान्सिस प्रभूघरी गेल्याची वार्ता आली. आपल्या सामाईक घराची काळजी घ्या, असे परिपत्रक त्यांनी २०१५ साली लिहिले होते. त्या दिवशी ताटे तशीच ठेवून आम्ही माळेची प्रार्थना केली.

मम्मीला मात्र ही नवी शेगडी मान्य नाही. तिचे वय चौऱ्याऐंशी. गॅसवर सुका बांगडा भाजणे तिला पाप वाटते. तिच्यासाठी मागील दारी एक लहान मातीची शेगडी आहे, चार कोळशांची, आणि शुक्रवारी ती पेटते. ती पेटवण्याआधी मम्मी काठी टेकीत अंगणाच्या मध्यभागी जाते आणि दुसऱ्या मजल्याकडे पाहून हाक मारते, “पोरी, खिडकी लाव गो!” वर खिडकी लागते. बांगडा भाजून झाला, कोळशांवर पाणी पडले, की ती पुन्हा हाक मारते, आणि खिडकी उघडते.