सुट्टीतली मजुरी आणि परदेशातले शिक्षण

महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांत मे महिना म्हणजे मुंबईकरांचा आणि लग्नसराईचा महिना. गरीब घरच्या कॉलेजच्या मुलांसाठी मात्र तो कमाईचा महिना. कोणी हायवेवरच्या हॉटेलात उभा राहतो, कोणी महाडच्या एमआयडीसीत कंत्राटदाराकडे हजेरीवर जातो, कोणी मांडववाल्याच्या खुर्च्या उचलतो. जूनची फी आणि वह्या त्यातूनच निघतात. आम्हीही बी.कॉम. होईपर्यंत हेच केले.

आमच्या नात्यातली पोलादपूर तालुक्यातली एक मुलगी लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठातून इंजिनिअर झाली. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाड बुडाले, त्याच दिवशी तळीये गावावर दरड कोसळली. तेव्हापासून पाणी आणि डोंगर हाच तिचा ध्यास. २०२३ साली ती पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेला गेली. वडील एस.टी.तून निवृत्त झालेले वाहक. त्यांच्या फंडाचा पैसा आणि बँकेचे कर्ज, एवढ्या बळावर ती गेली.

पहिल्या उन्हाळी सुट्टीत तिने विद्यापीठाच्या खानावळीत ताटे धुण्याचे काम धरले. ते ऐकून तिची आई आमच्याकडे आली आणि म्हणाली, "भाऊ, माझ्या सासूने लोकांची खरकटी काढली. पोरीवर ती वेळ येऊ नये म्हणूनच शिकवली ना? मग हे काय?"

त्या माऊलीचा प्रश्न खोटा नव्हता. आपल्या समाजाने कष्ट कमी केलेले नाहीत. दुःख कष्टाचे नव्हते. जातीने कपाळी मारलेल्या कामाला नकार देता येत नव्हता आणि मोबदला म्हणून शिळी भाकर मिळे, हे दुःख होते. मुलीचे काम तसे नव्हते. तासाचा दर ठरलेला, पगाराची चिठ्ठी हातात, नको वाटले तर सोडायची मुभा. शेजारी उभा राहून ताटे धुणारा मुलगा तिथल्याच एका प्राध्यापकाचा होता. हे आम्ही समजावले, तेव्हा आईने डोळे पुसले.

बाबासाहेबांचे उदाहरण आपल्यापुढे आहेच. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड मिळत. त्यातून पोटाला चिमटा काढून ते घरी पैसे धाडीत आणि पुस्तके घेत. अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्रही त्यांनी अभ्यासले. १९१६ मध्ये ते लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. बडोद्यात एवढ्या शिकलेल्या माणसाला राहायला जागा मिळेना! तरी ते खचले नाहीत. १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठवला. छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी उसने दिले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. चारच वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, ते आमच्या महाडच्या चवदार तळ्यावर उभे होते. शिक्षणासाठी कमवायचे आणि शिक्षण समाजाच्या कामी लावायचे, हा धडा त्यात आहे.

आमच्या मुलीचेही पाऊल पुढे पडले. त्याच सुट्टीत एका प्राध्यापकांनी तिला पुराच्या पाण्याचे नकाशे करण्याच्या कामावर घेतले. सकाळी खानावळ, दुपारी प्रयोगशाळा. पूर्वी चारचौघांत मान खाली घालणारी ही पोर आता फोनवर सावित्री नदीतल्या गाळाचा हिशेब आम्हाला विचारते, आणि उत्तर मोघम दिले तर पुन्हा विचारते.

पालकांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. अमेरिकेत विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी विद्यापीठाच्या आवारातच काम करता येते. सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, सुट्टीत जास्त. नियम मोडून बाहेर काम केले तर व्हिसा जाऊ शकतो. मुलांना "जास्त पैसे पाठव" म्हणून टोचू नये. दुसरे असे, की कर्जाआधी शिष्यवृत्तीचा विचार करावा. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींसाठी आहे. केंद्राचीही राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे. उत्पन्नाच्या व विद्यापीठाच्या अटी जाहिरातीत येतात. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला, जात पडताळणी ही कागदपत्रे आधीच तयार ठेवावीत. तहसील कचेरीतला एक कागद अडला म्हणून वर्ष वाया गेलेली मुले आम्ही पाहिली आहेत.

आपल्या वस्तीतला एखादा मुलगा यंदा बारावीला असेल. त्याच्या आईवडिलांना हे जरूर वाचून दाखवावे.