ढोरवाट

पाटी नसलेली वाट माणसाला फार लवकर नम्र करते. शहरात रस्ता चुकला तर पानवाल्याला विचारावे. डोंगरात विचारायचे कुणाला? त्यातून आमच्या रायगड जिल्ह्यात वाटांचा सुकाळ! गुरे रोज चरायला जातात आणि त्यांच्या खुरांनी नाना वाटा पडतात. या ढोरवाटा दिसायला राजरस्त्यासारख्या; पण थोडे पुढे जावे तो रानात विरून जातात. ढोराला गवताशी पोचायचे असते, माणसाला कुणाच्या तरी दाराशी, एवढाच काय तो फरक.

अलिबागजवळच्या सागरगडावर निघालो तेव्हा माझ्यापाशी दोन वाटाडे होते. एक खिशातला मोबाइल. वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या निदान चार उपग्रहांचे संदेश ऐकून त्यातला जीपीएस माझा ठावठिकाणा सांगत होता. दुसरा वाटाड्या म्हणजे माझ्या दिवंगत मित्राचे, 2011 सालचे टिपण: ‘खंडाळे गावातून सिद्धेश्वर. तिथे पाणी भरून घ्यावे. पठारावर जुन्या आंब्यापाशी उजवीकडे. डावी वाट ढोरांची.’

पठारावर पोचलो, तो आंबाच नाही! 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळच किनाऱ्यावर आदळले आणि जिल्ह्यातल्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. हाही त्यातच गेला असावा. मोबाइलवरचा निळा ठिपका छातीठोकपणे सांगत होता, ‘तू इथे आहेस.’ ते मलाही ठाऊक होते! पण वाट त्याच्या नकाशात नव्हती आणि टिपणातली खूण जमिनीवर नव्हती. ऊन समुद्राकडे कलू लागले होते.

मग दोघांची सांगड घातली. गडाची दिशा ठिपक्याने दाखवली. त्या बाजूचे कमरेएवढे गवत काठीने बाजूला सारता सारता वाळवी लागलेला एक बुंधा सापडला. त्याच्या उजवीकडे पायांनी गुळगुळीत झालेले दगड होते. थोड्याच वेळात सागरमाचीची घरे दिसली.

गडावर बसून ते पान काढले. मित्र गेल्यापासून त्यावर मी पेन टेकवले नव्हते. ते अक्षर पुन्हा कुठून मिळणार? पण टिपण काही देवघरात ठेवायची वस्तू नव्हे, मागून येणाऱ्याच्या हाती द्यायची. त्याच्या ओळीखाली लिहिले, ‘आंबा पडला. बुंधा आहे.’

बुंधाही चार पावसाळ्यांत मातीला मिळेल. म्हणून खाली थोडी जागा मोकळी सोडली आहे.