तहारत आणि दुर्बीण

आपल्या मोहल्ल्यात काही आजार मोठ्याने सांगितले जातात, तर काही कुजबुजत. साखर, बीपी, गुडघेदुखी यांची चर्चा मशिदीच्या ओट्यावर बसूनही होते. पोटाच्या खालच्या आजाराचे मात्र तसे नाही. 'पेशाब की तकलीफ' एवढे तीन शब्द तोंडातून काढायला बारामती-इंदापूरकडच्या आमच्या बुजुर्गांना वर्ष-दोन वर्षे लागतात. बायकांचे तर विचारूच नका. लघवीतून रक्त गेले तरी 'उष्णता झाली' म्हणून धने-जिऱ्याचे पाणी पीत राहतात. शरम ही ईमानाची निशाणी आहे असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण तीच शरम आत वाढणाऱ्या गाठीला मोकळे रान देते, हे कुणी सांगितले नव्हते.

आमच्या खालूंमुळे हा विषय आमच्या घरात आला. खालू इंदापूरचे. आठवडे बाजारात डाळिंब-पेरूचा गाळा लावणारे, पाच वक्ताचे नमाजी, पहिल्या सफीत उभे राहणारे. रात्री पाच-सहा वेळा उठावे लागते हे खालाने ओळखले, त्यांनी स्वतः सांगितले नाही. बारामतीला आणले. सोनोग्राफी झाली, रक्ताची पीएसए नावाची तपासणी झाली, शेवटी सुईने तुकडा काढून पाहिला. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. गाठ अजून ग्रंथीबाहेर गेलेली नव्हती, पण थांबून पाहावे अशीही नव्हती. 'ऑपरेशन किंवा शेक, दोनातले एक करा,' असे डॉक्टरांनी सांगितले.

आम्हाला वाटले, खालू विचारतील, 'मी जगेन का?' त्यांनी विचारले, 'डॉक्टरसाब, ऑपरेशन के बाद पेशाब टपकता क्या? फिर मेरी नमाज का क्या होएंगा?'

डॉक्टर क्षणभर गप्प झाले. त्यांच्या पुस्तकात या प्रश्नाला वेगळे नाव आहे. आमच्या पुस्तकात त्याचे नाव तहारत.

प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी. मूत्राशयाच्या अगदी खाली असते आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. लघवी धरून ठेवणारा स्नायू तिला लागून असतो. पुरुषत्वाच्या नसा तिच्या दोन्ही बाजूंनी जातात. कॅन्सरसाठी सगळी ग्रंथी काढायची म्हणजे या स्नायूला आणि नसांना धक्का लागण्याची शक्यता आलीच. ऑपरेशननंतर नळी साधारण एक ते दोन आठवडे ठेवतात. नळी निघाली की बहुतेकांना सुरुवातीला लघवी गळते. काहींची आठवड्यांत थांबते, काहींना महिने लागतात, थोड्यांची राहून जाते. हे ऑपरेशन पोट उघडून करा की दुर्बिणीतून, यातून कुणाची पूर्ण सुटका नाही.

ही दुर्बीण म्हणजे काय, हेही आम्ही तेव्हाच समजून घेतले. बेंबीजवळ बोटाएवढे छिद्र पाडून पोटात वायू भरतात, म्हणजे आत जागा होते. एका छिद्रातून कॅमेरा, बाकीच्यांतून लांब दांड्याची हत्यारे. १९९० साली अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात डॉ. राल्फ क्लेमन यांनी एका ८५ वर्षांच्या बाईंचा गाठ असलेला मूत्रपिंड या पद्धतीने काढला. एवढा मोठा अवयव छिद्रातून कसा काढायचा? तो आतल्या आत पिशवीत घालून बारीक केला आणि मग बाहेर ओढला. पुढे रोबोट आला. आमच्या लोकांची समजूत अशी की रोबोट म्हणजे स्वतः ऑपरेशन करणारे यंत्र. तसे नाही. सर्जन बाजूला बसून हात हलवतो आणि यंत्राचे हात तसेच आत हलतात. अक्कल माणसाचीच.

वाचता वाचता आम्हाला आणखी एक नाव भेटले. दहाव्या शतकातल्या अंदलुसमधले, कुर्तुब्याजवळच्या मदीनतुज्‌जहराचे अबुल कासिम अल-जहरावी. 'किताबुत्तसरीफ' या ग्रंथात त्यांनी हत्यारांची चित्रे काढून शस्त्रक्रिया शिकवली. लघवीच्या वाटेत अडकलेला खडा न कापता, त्याच वाटेने बारीक सळई घालून फोडायचा, ही युक्ती त्यांनी लिहून ठेवली आहे. माणसाला कमीत कमी फाडावे हा विचार एक हजार वर्षांपूर्वी आपल्याच एका हकिमाने केला होता. हे सांगितल्यावर खालूंचा चेहरा थोडा उजळला. पण अभिमानाने गळती थांबत नाही, हेही खरे.

मग आली पैशाची गोष्ट. पुण्यातल्या एका दवाखान्यात आम्हाला सांगण्यात आले, 'रोबोटनेच करा, नाहीतर जन्मभर लंगोट बांधावा लागेल.' आकडा ऐकून खालूंचा मुलगा फाट्यालगतचे अर्धा एकर विकायला निघाला. घरात दोन तट पडले. एक म्हणे, बापापेक्षा जमीन मोठी का? दुसरा म्हणे, हे खरे कशावरून? बारामतीतल्या एका तरुण डॉक्टरने आम्हाला बसवून समजावले, तेव्हा गुंता सुटला.

त्यांनी सांगितले ते असे. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये ३२६ पुरुषांना नशिबाच्या चिठ्ठीने दोन गटांत वाटले. एका गटाचे ऑपरेशन पोट उघडून आणि दुसऱ्याचे रोबोटने करायचे ठरले. २०१६ साली पहिला निकाल छापला गेला, २०१८ साली दोन वर्षांनंतरचा. रोबोटच्या गटात रक्त कितीतरी कमी गेले, सुमारे ४४४ मिली. उघड्या ऑपरेशनमध्ये ते १,३३८ मिलीच्या आसपास होते. दवाखान्यातला मुक्कामही कमी झाला. पण लघवी धरून ठेवण्यात आणि पुरुषत्वात लक्षणीय फरक १२ आठवड्यांनीही दिसला नाही आणि दोन वर्षांनीही नाही. म्हणजे 'रोबोट नसेल तर जन्मभर लंगोट' हे वाक्य शास्त्राचे नव्हते, दुकानाचे होते.

मूत्राशयाच्या कॅन्सरचीही तीच गोष्ट. अमेरिकेत ३५० रुग्णांवर झालेल्या तुलनेचा निकाल २०१८ साली आला. मूत्राशय काढल्यानंतर दोन वर्षे आजार न वाढता राहिलेले रुग्ण रोबोटच्या गटात ७२.३ टक्के आणि उघड्या ऑपरेशनच्या गटात ७१.६ टक्के होते. जवळजवळ सारखेच. लहान छिद्राने रक्त वाचते, मुक्काम थोडा घटतो, माणूस लवकर उठतो. हे फायदे खरे आहेत आणि हातावर पोट असलेल्याला ते मोठेही आहेत. पण कॅन्सर बरा होण्याचे गणित छिद्राच्या आकाराने बदलले नाही.

लहान छिद्र म्हणजे नेहमीच चांगले, असेही समजू नये. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरमध्ये २०१८ सालच्या एका मोठ्या अभ्यासात दुर्बिणीने केलेल्या ऑपरेशनांचा निकाल उघड्या ऑपरेशनांपेक्षा वाईट निघाला. आयाबहिणींनी हे जरूर लक्षात ठेवावे. कुठला अवयव, कुठली गाठ आणि कुणाचा हात, हे पाहूनच ठरवावे लागते. तरुण डॉक्टरचे एक वाक्य आम्ही अजून एकमेकांना ऐकवतो, 'मशीन कुठलं आहे ते नंतर विचारा. सर्जनने अशी किती ऑपरेशनं केलीत आणि त्यातले किती जण कोरडे झाले, ते आधी विचारा.'

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती खालूंना लागू नव्हती, पण इतरांना असेल. ब्रिटनमध्ये पीएसए तपासणीत लवकर सापडलेल्या प्रोस्टेट कॅन्सरच्या १,६४३ पुरुषांना ऑपरेशन, शेक आणि नुसती नजर ठेवणे अशा तीन गटांत वाटले होते. २०२३ साली १५ वर्षांचा हिशेब आला. तिन्ही गटांत सुमारे ९७ टक्के पुरुष या कॅन्सरने मेले नाहीत. म्हणजे प्रत्येक गाठीला हत्यार लागतेच असे नाही. कॅन्सर शब्द ऐकला की जमीन विकायला निघणाऱ्या आपल्या लोकांनी आधी 'थांबून चालेल का?' असे विचारायला शिकले पाहिजे.

खालूंचे ऑपरेशन साध्या दुर्बिणीने झाले, पुण्यातच, हात बसलेल्या एका सर्जनकडून. अर्धा एकर वाचले. चौथ्या दिवशी घरी आले. नळी निघाली आणि जे व्हायचे ते झाले. लघवी गळू लागली. खालूंनी मशिदीत जाणे बंद केले. जुम्मालाही नाही. माणूस आजारातून वाचला होता आणि आपल्याच घराच्या कोपऱ्यात संपत चालला होता. खाला म्हणाली, 'कॅन्सर से ना डरे, एक बूंद से डर गए.'

शेवटी खाला स्वतः मौलानांच्या घरी गेली. मौलाना आले, खालूंच्या शेजारी बसले आणि मसला उलगडून सांगितला. नमाजच्या एका पूर्ण वक्तात वुजू करून फर्ज पढण्याइतकाही कोरडा वेळ मिळत नसेल, तर तो माणूस माजूर. हनफी फिकहप्रमाणे त्याने प्रत्येक वक्ताला नवा वुजू करावा. वक्त संपेपर्यंत त्या गळतीने तो वुजू तुटत नाही. पुढच्या प्रत्येक वक्तात एकदा जरी गळाले, तरी सवलत चालू राहते. आणि मधूनमधूनच थेंब येत असेल, तर कोरडी वेळ गाठून नमाज पढावी. मौलाना म्हणाले, 'खालूजान, हे आमच्या किताबांत शेकडो वर्षांपासून लिहिलंय. म्हणजे हा आजार तुम्हाला पहिल्यांदा झाला नाही. शरमेचं असतं तर त्यावर बाब कशाला लिहिला असता?'

आम्ही तेव्हा विचार केला, ही गोष्ट ऑपरेशनच्या आधीच खालूंच्या कानावर गेली असती तर? सर्जन स्नायूबद्दल बोलतो, मौलाना वुजूबद्दल बोलतात, आणि मधला माणूस एकटा पडतो. मूत्राशय काढलेल्या रुग्णाला पोटावर पिशवी लावावी लागते, त्याचाही हाच प्रश्न. पिशवी लावून सफीत उभे राहता येते का, हज करता येते का? उत्तरे आहेत, पण विचारायला तोंड उघडावे लागते. बारामतीला २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. पण सल्लागाराच्या खुर्चीवर बसून तहारतीबद्दल बोलणारा अजून आम्हाला कुठे दिसला नाही.

खालू बसल्या-उभ्या तो स्नायू आवळण्याचा व्यायाम करू लागले. चौथ्या महिन्यात गळती थेंबांवर आली. दरम्यान ते मशिदीत जाऊ लागले होते. पहिल्या सफीत नव्हे, मागे, दाराजवळ. एका इशाच्या नमाजनंतर त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ हळूच जवळ सरकले आणि खाली बघत पुटपुटले, 'मेरे को बी रात में बहुत उठना पडता...' खालूंनी त्यांचा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, 'कल सुबे बारामती चलते. मैं आता साथ में.'

दुर्बिणीने शरीरावरचा घाव लहान केला. शरम लहान करण्याचे काम मात्र आपल्यालाच करावे लागेल, आणि त्याला कुठलेच यंत्र लागत नाही.