प्रास्ताविकाची जागा

‘लिसन टू ब्रिटन’मधला एक कट मला अजून सोडत नाही. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये फ्लॅनगन आणि ॲलन गाताहेत, जेवणारे कामगार साथ देताहेत, आणि ते सूर पुरते विरायच्या आत आपण लंडनच्या नॅशनल गॅलरीत, मायरा हेसच्या पियानोसमोर. मोत्सार्ट चाललाय. भिंतीवर रिकामी चौकट आहे. बॉम्बच्या भीतीनं चित्रं आधीच हलवलेली. हम्फ्री जेनिंग्ज आणि स्टुअर्ट मॅकॲलिस्टर यांनी 1942 मध्ये हा वीसेक मिनिटांचा माहितीपट केला, निवेदनाचा एक शब्द न घालता.

परदेशी प्रेक्षकांसाठी मात्र त्याच्या सुरुवातीला लेनर्ड ब्रॉकिंग्टन या कॅनेडियन वकिलाचं प्रास्ताविक जोडलं गेलं. त्याचा मला वर्षानुवर्षं राग यायचा. राग पुरता निर्मळ नव्हता. मी स्वतः निवेदनं लिहितो. भारदस्त आवाजात आपलं वाक्य घुमलं की सुखावतो. हे प्रास्ताविक आपण याहून सरस लिहिलं असतं, ही घमेंडही त्या रागात होती.

परवा एका विद्यार्थिनीचा गिरणगावावरचा लघुपट परदेशी पाठवायचा ठरला. तिनंही निवेदन टाळलेलं. निर्माते म्हणाले, आवाज टाका. कुठे टाकायचा? भोंग्यावर? म्हातारी पदराला डोळे पुसते तिथे?

त्याच 1942 मध्ये कोपालिन आणि वार्लामोव्ह यांच्या मॉस्कोच्या लढाईवरच्या सोव्हिएत माहितीपटाची अमेरिकी आवृत्ती निघाली, ‘मॉस्को स्ट्राइक्स बॅक’. निवेदन अल्बर्ट माल्ट्झचं, आवाज एडवर्ड जी. रॉबिन्सनचा, अमेरिकेनं गुंडपटांतून ओळखलेला, म्हणून पटणारा. ऑस्करही मिळालं. काम जबरदस्त आहे. पण बर्फातल्या प्रेतापाशी रडणारी बाई मला रॉबिन्सनच्या मार्फतच भेटते, थेट भेटतच नाही. आजच्या वाहिन्यांना तर क्षणभराची शांतताही सोसत नाही, आणि आमच्यातले कित्येक जण ती भरून देण्याचेच पैसे घेतात. मीही घेतले आहेत.

ब्रॉकिंग्टन निदान बोलून बाजूला होतो. कॅन्टीन आणि मोत्सार्ट यांच्या मधे येत नाही. विद्यार्थिनीला मी चार ओळींचं प्रास्ताविक लिहून दिलं. आत एक शब्द घातला नाही.

फिल्म सोसायटी चालवणाऱ्यांना एक विनंती आहे. ‘लिसन टू ब्रिटन’ दाखवाल तेव्हा ब्रॉकिंग्टनला कापू नका.