दूरदृष्टीची किंमत

चष्मेवाल्यांचा एक स्वतंत्र पंथ असतो. त्याची दीक्षा कुणी मागून घेत नाही. फळ्यावरचा आठ तीनसारखा दिसू लागला की ती आपोआप मिळते. नाकाच्या दोन्ही बाजूंचे खळगे ही या पंथाची मुद्रा. वरणाच्या पातेल्यावरचे झाकण काढले की क्षणभर ब्रह्मांड धूसर होते, पावसात डोक्यावर छत्री असूनही जग गळू लागते, आणि सकाळी जाग आली की देवाचे नाव घेण्याआधी हात उशाशी चाचपडू लागतो. मला ही दीक्षा इयत्ता चौथीत मिळाली आणि पस्तीस वर्षे मी ती निष्ठेने पाळली.

माझा नंबर होता उणे ६. आकडा ऐकून बायका "अगंबाई!" म्हणत, पण त्याचा अर्थ फार थोड्यांना ठाऊक असतो. उणे ६ नंबरच्या डोळ्याला चष्म्याशिवाय १६-१७ सेंटिमीटरपर्यंतचेच काय ते स्पष्ट दिसते. म्हणजे पुरती वीतसुद्धा नाही! त्यापलीकडे झाडे, माणसे आणि म्हशी सगळ्यांना एकच धुके. मात्र त्या वीतभर राज्याची मी सम्राज्ञी होते. घरात कुणाच्या बोटात कुसळ गेले की तो माझ्याकडे धाव घेई. मी चष्मा काढी, बोट नाकाशी नेई आणि कुसळ अलगद बाहेर येई. तांदळातला खडा, सुईचे नेढे, औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरे, सारे माझ्याच खात्यात होते. आणि रात्री निजानीज झाली की मी चष्मा काढून लिहायला बसे. कपाट, घड्याळ, तपासायच्या वह्यांचा ढीग, सगळे नाहीसे होई. उरे तो कागद. माझ्या दोन्ही कादंबऱ्या अशा एका वितीत लिहून झाल्या आहेत.

मग हे राज्य सोडावेसे का वाटले? त्याला कारण मेणवलीचा घाट. वाईजवळच्या या गावात नाना फडणिसांचा वाडा आहे आणि वाड्याच्या मागे कृष्णेचा देखणा घाट. आमच्या सहावीच्या बत्तीस मुलांची सहल तिथे गेली होती. मुले पायऱ्यांवर बसून पाण्यात पाय सोडत होती. एका मुलीला हात देऊन वर घेत होते, तेवढ्यात तिचा कोपर लागला, चष्मा उडाला आणि अक्षरशः कृष्णार्पण झाला. मला समोर दिसत होते ते फक्त निळ्या गणवेशांचे हलते डाग. डाग मोजता येत नाहीत हो! मी मोठ्याने हजेरी घेतली. एकतीस वेळा "हजर, बाई" ऐकू आले. सतरा नंबर बोलेना. पुन्हा पुकारले, पुन्हा शांतता. सतरा नंबरचे चिरंजीव माझ्या अगदी पाठीशी उभे होते. तोंडात चिक्की होती, म्हणून बोलता येत नव्हते. मुले हसली, मीही हसले. पण त्या दोन पुकारांच्या मधला वेळ मी अजून विसरलेले नाही.

त्यानंतर महिन्याभरात मी पुण्याच्या एका नेत्रालयाची पायरी चढले. माझ्याबरोबर आमच्या शाळेतल्या एक तरुण बाईही होत्या. तपासणीलाच दोन-अडीच तास लागले. डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, पापणीत कागदाची पट्टी अडकवून अश्रू मोजले (आमच्या घरी याची कुणाला कधी गरज वाटली नव्हती!), बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, म्हणजे कॉर्नियाचा, रंगीत नकाशा काढला. हा पडदा सुमारे अर्धा मिलिमीटर जाड असतो. माझा भरला ५४० मायक्रॉन. एका नंबरामागे साधारण १५ मायक्रॉन घासावे लागतात. म्हणजे माझे ९०. माणसाच्या केसाच्या जाडीहून थोडे अधिक. तेवढ्याशा पापुद्र्यापायी मी जन्मभर आंधळी कोशिंबीर खेळत होते तर! बरोबरच्या बाईंना मात्र नकार मिळाला. त्यांचा पडदा मुळात पातळ, आणि शंकूसारखा टोकदार होऊ लागलेला. अशा डोळ्यावर लेसर चालवला तर दृष्टी सुधारायची राहते बाजूला, बिघडते मात्र. त्या रडवेल्या झाल्या. पण ही गोष्ट आधी कळली हेच त्यांचे भाग्य.

माझे सगळे आकडे पास झाले. मी पर्स उचलणार, इतक्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मॅडम, एक गोष्ट नीट ऐका. तुमचं वय चव्वेचाळीस. लांबचा चष्मा जाईल, पण जवळचा लागेल."

"लेसरने तोही जात नाही का?"

"लेसर बुबुळावरच्या पडद्याला नवा आकार देतो. चाळिशी येते ती आतलं भिंग ताठर झाल्यामुळे. तिथे आमचा लेसर पोचत नाही. आज तुम्ही चष्मा काढून वाचता. उद्या चष्मा घालून वाचाल."

आपल्या भाषेने वाचायच्या चष्म्याला किती नेमके नाव दिले आहे! माझी चाळिशी माझ्याकडे चार वर्षांपूर्वीच आली होती. उणे सहाच्या आड ती दडून राहिली होती, इतकेच. एक मधला मार्गही होता. एक डोळा लांबसाठी दुरुस्त करायचा, दुसऱ्यात थोडा नंबर जवळसाठी राखायचा. कॉन्टॅक्ट लेन्स घालून मी तो प्रयोग आठवडाभर केला. काहींना तो उत्तम मानवतो म्हणे. मला जिना उतरताना पायऱ्यांचा अंदाज येईना.

म्हणजे प्रश्न साधा होता. वीतभर राज्य ठेवायचे की घाटावरची बत्तीस मुले मोजायची? तीन रात्री मी चष्मा काढून कागदापुढे बसले आणि एकही ओळ लिहिली नाही. चौथ्या दिवशी होकार कळवला. एका कादंबरीच्या मानधनातून एका डोळ्याची सोय झाली. दुसऱ्या डोळ्यासाठी शिक्षकांची पतपेढी धावून आली.

या विद्येचा जन्म मोठा गमतीचा आहे. रंगस्वामी श्रीनिवासन हे मूळचे मद्रासचे शास्त्रज्ञ अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करीत. १९८१ च्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगचा सण झाला आणि दुसऱ्या दिवशी ते मेजवानीतले उरलेले टर्कीचे तुकडे प्रयोगशाळेत घेऊन आले. एक्झायमर लेसरचा अतिनील किरण त्यावर सोडला, तर बाजूचा भाग न करपता लख्ख रेघ कापली गेली. १९८३ साली स्टीफन ट्रोकेल या नेत्रवैद्याबरोबर हीच किमया कॉर्नियावर करून पाहिली गेली. श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी वाइन व ब्लम यांचा २०१३ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते गौरव झाला. सणाच्या दुसऱ्या दिवशी उरल्यासुरल्याचे काय करावे, हा प्रश्न आपल्याकडे फक्त बायकांनाच पडतो!

शस्त्रक्रिया सहामाहीचे पेपर तपासून होताच झाली. धनत्रयोदशीला चार दिवस होते. थेंबांनी डोळे बधिर झाले. पापण्या मिटू नयेत म्हणून चिमटा बसला. मग एका कड्याने डोळा दाबून धरला आणि काही क्षण अगदी अंधारले; भीती वाटते ती एवढ्यापुरतीच. पहिल्या लेसरने वरचा पापुद्रा कापला, डॉक्टरांनी तो पुस्तकाचे पान उलटावे तसा उलटला, आणि मी पाण्याखालून पाहू लागले. "हिरव्या दिव्याकडे बघा," एवढीच आज्ञा. टकटक आवाज, जळक्या केसांचा वास, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत काम आटोपले. डोळा जरासा हलला तरी यंत्र त्याच्या मागोमाग हलते, हे आधी सांगितले होते म्हणून बरे. पापुद्रा पुन्हा जागी बसवला. टाका नाही, पट्टी नाही. दोन्ही डोळ्यांना मिळून पाव तास लागला. पुढचे पाच-सहा तास मात्र डोळ्यांत तिखट गेल्यासारखी आग आणि पाण्याची धार.

दुसऱ्या दिवशी सकाळी नणंदेच्या घरी डोळे उघडले, तो छताच्या कोपऱ्यातले जळमट दिसले. पस्तीस वर्षांनी चष्म्याविना घडलेले हे पहिले दर्शन! मी ते कुणाला सांगितले नाही.

डोळ्यांत आठवडाभर पाणी जाऊ द्यायचे नाही, चोळायचे नाहीत, धूर-धूळ टाळायची. त्यामुळे त्या वर्षी माझे अभ्यंगस्नान गळ्याखालीच झाले, आणि तळणाचा अधिकार ह्यांच्याकडे गेला. चकल्यांचे तुकडे झाले. पण करणाऱ्याने त्यांना "नवा प्रकार" म्हटल्यामुळे सर्वांनी कौतुकाने खाल्ले. रात्री अंगणात आले, तो प्रत्येक पणतीभोवती एक तेजाचे कडे! नवीन डोळ्यांना रात्री दिव्यांभोवती अशी वलये दिसतात, हे संमतिपत्रात लिहिलेलेच होते. चार महिन्यांत ती विरली. डोळे कोरडे पडत, त्यासाठीचे थेंबही हळूहळू सुटले.

आता वर्गातले शेवटचे बाक मला दिसते. तिथे काय काय चालते ते पाहून कधी कधी वाटते, न दिसत होते तेच बरे होते! सहलीत मी मुले डोळ्यांनी मोजते. माझ्या गळ्यात दोरीला चाळिशी लोंबते. कुसळ काढण्याचे खाते लेकीकडे गेले आहे. तीही माझ्यासारखीच उणे नंबराची. करंजीची मुरड मी बोटांच्या अंदाजाने घालते. सासूबाई अशाच घालीत; त्यांना ती दिसत नव्हती, हे मला आत्ता कळते.

आणि लिहिणे? चाळिशी लावून लिहिते. लिहिता लिहिता अडले की काढून ठेवते. पूर्वी चष्मा काढला की जग नाहीसे होई आणि कागद उरे. आता कागद नाहीसा होतो आणि जग उरते. समोरच्या चाळीत उशिरापर्यंत जळणारा एक दिवा, त्या दिव्याखाली शिवणयंत्रावर वाकलेली बाई, जिन्यावर बसलेले मांजर. इतकी वर्षे ही सगळी मंडळी तिथेच होती. नव्या कादंबरीत ती आपल्या पायांनी चालत आली आहेत. त्यांना मी नको कशी म्हणू?