कास्टेकच्या काठावर सहा औंसांचा मासा

लॉस एंजेलिसहून उत्तरेकडे निघाले, की साधारण चाळीस मैलांवर डाव्या हाताला मॅजिक माउंटनचे उंचच उंच पाळणे दिसू लागतात. अमेरिका पाहायला आलेली आपली मंडळी बहुधा तिथेच गाडी वळवतात. आम्ही वळवली नाही. पहाटेचे साडेपाच वाजले होते, गाडीत पोळीभाजीचा डबा होता, थर्मासमध्ये चहा होता आणि मागच्या सीटवर माझा पंधरा वर्षांचा भाचा एक आठ फुटी काठी आडवी धरून, जणू तान्हे मूल सांभाळावे तसा, बसला होता. आणखी थोडे पुढे गेल्यावर उजवीकडे कास्टेक तलावाची पाटी आली.

हा तलाव म्हणजे निसर्गाची करणी नव्हे. १९७३ साली पूर्ण झालेल्या मातीच्या धरणामागे अडवलेले हे पाणी आहे आणि त्यातले बरेचसे या भागातले नाहीच. उत्तर कॅलिफोर्नियातल्या नद्यांचे पाणी शेकडो मैल कालव्यातून वाहत येते. वाटेत तेहाचापीचे डोंगर आडवे येतात, तिथे एडमन्स्टन पंपगृह ते जवळजवळ दोन हजार फूट वर चढवते आणि मग या कालव्याच्या पश्चिम शाखेचा शेवट कास्टेकमध्ये होतो. भोवतालचे डोंगर मात्र कोरडेच. जानेवारी २०२५ मध्ये इथूनच जवळ पेटलेल्या ह्यूज वणव्याने दहा हजार एकरांहून अधिक रान जाळले होते. त्याच्या काळ्या खुणा पहाटेच्या अंधूक उजेडातही ओळखू येत होत्या. अशा ठिकाणी कोणी मासे धरायला येत असेल यावर माझा विश्वास बसला नसता, पण गळ टाकणाऱ्यांच्या जगात कास्टेकचे नाव फार मोठे आहे.

त्याचे कारण लार्जमाउथ बास हा मासा. हिरवट अंगाचा, रुंद जबड्याचा, अमेरिकन लोकांचा अतिशय लाडका. तो मूळचा पूर्वेकडचा. त्याची फ्लोरिडातली, अधिक वाढणारी जात १९५९ मध्ये सॅन डिएगोकडच्या तलावांत आणून सोडली गेली आणि तिथून ती दक्षिण कॅलिफोर्नियात पसरली. याच तलावांत हौशी गळकऱ्यांसाठी हिवाळ्यात रेनबो ट्राउट सोडण्याची पद्धत होती. माणसांसाठी सोडलेले हे गुबगुबीत ट्राउट बासने आयते मटकावले. मग काय विचारता! मार्च १९९१ मध्ये बॉब क्रूपी नावाच्या पोलीस अधिकाऱ्याला कास्टेकमध्ये बावीस पौंडांचा, म्हणजे जवळपास दहा किलोंचा बास मिळाला. जागतिक विक्रम तेव्हा होता १९३२ साली जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरीने धरलेल्या बावीस पौंड चार औंसांच्या माशाचा. थोडक्यात हुकले. क्रूपीने तो मासा परत पाण्यात सोडून दिला, हे मला अधिक आवडले. पुढे २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी पेरीच्या विक्रमाची बरोबरी केली.

मोठा बास ट्राउट खातो, हे कळल्यावर लोकांनी ट्राउटसारखेच नकली मासे बनवायला घेतले. लाकडाचे, रबरासारख्या मऊ प्लास्टिकचे, दोन-तीन जोडांचे, पाण्यात शेपूट हलवीत पोहणारे. आठ इंची, दहा इंची, कधी फूटभर लांबीचे. त्यांना इथे स्विमबेट म्हणतात. (गंमत अशी, की क्रूपी आणि कुरिता या दोघांनीही आपापला मासा धरला तो जिवंत आमिषावर. पण हे भाच्याला सांगायची सोय नाही.)

तर आता त्या काठीची गोष्ट. काठी म्हणू नये, रॉड म्हणावे, हे मला पहिल्याच दिवशी सांगण्यात आले.

माझा मावसभाऊ व्हॅलेन्सियात राहतो. व्यवसायाने इंजिनिअर. पुलांवर किती भार पडेल, ते किती वाकतील, याची गणिते करण्यात त्याची वीस वर्षे गेली. आमचे आजोबा मालवणजवळच्या खाडीत बांबूच्या काठीला तंगूस आणि गरी बांधून बसत आणि आम्ही दोघे मुले शेजारी चिखलात पाय घालून. त्या आठवणीवर भाऊ अजून हळवा होतो. मुलाला मासे धरायचा नाद लागला तेव्हा त्याला आनंदच झाला होता. गेल्या वर्षी वाढदिवसाला त्याने मुलाला एक रॉड आणून दिला. दुकानातला चांगला, महागातला. मुलाला न विचारता. पहिल्याच रविवारी मुलाने त्याला आपला दहा इंची लाकडी मासा बांधला, खांद्यावरून सपकन फेकला आणि रॉड मधोमध कडकन मोडला.

"वस्तूची किंमत नाही," भाऊ म्हणाला. मुलगा काहीच बोलला नाही. पुढचे दहा महिने त्या घरात मासा हा विषय निघाला नाही. वहिनीने मला हे सारे पोहे परतता परतता, हलक्या आवाजात सांगितले. रॉडपेक्षा तिला त्या गप्प बसण्याची काळजी वाटत होती. या वयात मुलाने एक दार लावून घेतले की दुसरीही लागतात, असे तिचे म्हणणे.

मुलगा मात्र आत पैसे साठवत होता. शनिवारी लहान मुलांच्या फुटबॉलचे पंच म्हणून काम करून त्याने दोनशे दहा डॉलर जमवले होते. "आत्या, तू येशील दुकानात?" त्याने मला विचारले. गाडी चालवणार कोण, तर भाऊ. म्हणून तिघेही गेलो. निघताना भावाने डिकीत काहीतरी लांबट ठेवलेले मी पाहिले.

दुकानदार साठीचा, चष्मा कपाळावर चढवलेला. मी बातमीदार, त्यामुळे न लाजता अडाणी प्रश्न विचारायची मला सवय आहे. "चांगला रॉड कोणता?" मी विचारले. त्याने मान हलवली. "काय फेकणार ते आधी सांगा. रॉड नंतर."

भाच्याने पिशवीतून लाकडी मासा काढला. गळांसकट तो तराजूवर ठेवला तर भरला सहा औंसांना जेमतेम कमी. म्हणजे आपल्याकडचे एक मोठे सफरचंद. आठ इंची मऊ मासा असता तर दोन-तीन औंस भरला असता, असे दुकानदार म्हणाला. त्याच्या मते निम्मे लोक हेच करत नाहीत, आमिष वजन करून पाहत नाहीत. मुठीच्या वरच्या भागावर बारीक अक्षरांत हा रॉड किती औंसांपासून किती औंसांपर्यंत फेकू शकतो ते छापलेले असते. तो आकडा वाचायचा आणि आपले आमिष त्याच्या मध्यावर कुठेतरी बसेल असा रॉड घ्यायचा, अगदी टोकावर नव्हे. तीन ते आठ औंसांचा रॉड सहा औंस आरामात फेकतो. दोन ते सहावाला फेकेल, पण दमेल.

भाऊ तोवर बाहेर जाऊन आला होता. हातात तो मोडका रॉड. मला वाटते दुकानदाराकडे तक्रार करावी, कंपनीकडून बदलून मिळतो का पाहावे, असा त्याचा विचार असावा. दुकानदाराने चष्मा खाली ओढला आणि मुठीवरचे अक्षर वाचले. तीन अष्टमांश ते एक औंस.

"याने सहा औंस फेकले?" त्याने विचारले.

भाच्याने खाली पाहिले. भावाने तो तुकडा स्वतःच्या हातात घेतला, खिडकीच्या उजेडात धरला, पुन्हा वाचला. पुलाच्या सहापट भार. "मी आणला होता हा," तो म्हणाला. इंग्रजीत, दुकानदाराला. आणि मग मुलाकडे न बघता, मराठीत, "आकडा वाचला नाही मी."

बस, इतकेच. पण त्यानंतर तो माणूस बदलला. आता प्रश्न तो विचारू लागला आणि मला बाजूला सरावे लागले. दुकानदाराने एका रॉडच्या टोकाला फूटभर तंगूस आणि मासा टांगून दाखवला. टोकाचा भाग छान वाकला, मधला थोडा, मुठीकडचा हलला नाही. असा हवा. सगळाच ताठ असेल तर दोन तोटे. फेकताना तो स्प्रिंगसारखा भरत नाही, सारा जोर आपल्या खांद्याला लावावा लागतो. आणि मासा लागल्यावर त्याने डोके झटकले, की ताठ रॉड गळ जबड्यातून उपटून काढतो. उलट सगळाच लवचिक असेल, तर जाड गळ रुतवण्याइतका जोर टोकापर्यंत पोचत नाही आणि मोठा बास लव्हाळ्यात शिरला तर त्याला बाहेर ओढता येत नाही. टोक नरम, कंबर कणखर. भावाने खिशातून पेन काढून बिलाच्या मागे वाकलेल्या रॉडची आकृतीही काढली.

लांबी साडेसात ते आठ फूट. मूठ लांब हवी, कारण हा मासा एका हाताने फेकायचा नसतो. दोन्ही हातांनी, मागची मूठ पोटाशी ओढून, पुढचा हात पुढे ढकलून, सावकाश झुलवून सोडायचा. सपकन झटका दिला की वीस-पंचवीस पौंडी दोराही तुटतो आणि मासा एकटाच पलीकडच्या काठाला जातो. कार्बनच्या धाग्यांचा रॉड हलका, काचेच्या धाग्यांचा जड पण अधिक सोशीक. दिवसभर फेकायचे तर हलका बरा, असे दुकानदाराचे मत पडले, आणि ते पटण्यासारखे होते. त्याने असेही सांगितले, की या कामासाठी वेगळे रॉड मिळू लागण्यापूर्वी इथले लोक समुद्रात मासे धरायचे रॉडच वापरत. किमतीचे म्हणाल, तर भाच्याने अखेर घेतलेला रॉड एकशे ऐंशी डॉलरचा होता. भावाने मोडलेला त्याहून महाग होता.

भावाने पाकीट काढले. भाच्याने ते परत खिशात घालायला लावले.

आणि अशा रीतीने त्या पहाटे आम्ही धरणाखालच्या छोट्या तलावाच्या काठी उभे होतो. पाण्यावर वाफ तरंगत होती. थंडी चांगलीच बोचरी. पहिल्या फेकीत रिळावर दोऱ्याचा गुंता झाला. याला इथे पक्ष्याचे घरटे म्हणतात, आणि तो सोडवायला दहा मिनिटे लागली. भाऊ मोबाइलचा उजेड धरून उभा होता. दुसरी फेक तिरकी गेली. तिसऱ्या वेळी भाच्याने रॉड मागे झुलवला, क्षणभर थांबला आणि सोडला. ते लाकडाचे सफरचंद उजळत्या आकाशात किती वेळ तरंगत राहिले कोण जाणे. पार दूर, धप्प असा आवाज आला.

"केवढा लांब!" भाऊ ओरडला. शेजारच्या दोन गळकऱ्यांनी वळून पाहिले.

दोन तासांत काहीही लागले नाही. हे आधीच सांगायला हवे होते, कारण मोठ्या आमिषावर दिवसचे दिवस काही लागत नाही. हा नाद सबुरीचा आहे. पण आठच्या सुमाराला नकली मासा ओढत ओढत काठाजवळ आला, तेव्हा त्याच्यामागून एक काळपट आकृती आली. माझ्या हातभर तरी लांब. पाण्यात जागच्या जागी थांबली. आम्ही तिघेही श्वास रोखून. मग एकदाच शेपूट हलली आणि ती खोल पाण्यात निघून गेली. मुलाचे हात थरथरत होते. "पाहिलंत, बाबा? पाहिलंत?" दहा महिन्यांत त्याने बापाला इतके सलग काही विचारले नसावे.

भावाला एकदा फेकून पाहायचे होते. त्याने हातही पुढे केला. "बाबा, तुमच्याकडे लायसन्स नाही," भाचा म्हणाला. कॅलिफोर्नियात सोळा वर्षांच्या पुढच्यांना मासे धरायला परवाना लागतो. मुलगा पंधराचा, त्याला नको. भावाने हात मागे घेतला आणि थर्मासमधला चहा ओतला.

माझे विमान मंगळवारी होते. सोमवारी रात्री जेवणे झाल्यावर वहिनीचा स्वयंपाकघरातला तराजू टेबलावर होता, त्यावर ओळीने भाच्याचे सगळे मासे, आणि भाऊ एकेकाचे वजन वहीत लिहीत होता. वहिनी तराजू धुऊन परत हवा म्हणून बजावत होती. मधेच भावाने मोबाइल उघडला आणि परवान्याचा अर्ज भरायला घेतला. नाव, पत्ता, उंची, वजन.

"माझ्या डोळ्यांचा रंग काय रे?" त्याने विचारले.

"ब्राउन," भाचा मान वर न करता म्हणाला. "आणि बाबा, हा नऊ इंची परत ठेवा तराजूवर. गळ काढून मोजलात तुम्ही."