कटाडिनचें धुकें

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या ईशान्य टोंकास मेन नांवाचें संस्थान आहे. तेथील उत्तरेकडील घनदाट अरण्यांतून कटाडिन पर्वत वर उठतो. पेनॉब्स्कॉट या मूळ रहिवाशांच्या भाषेंत या नांवाचा अर्थ ‘सर्वांत थोर पर्वत’ असा आहे. त्याची उंची ५२६७ फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईहून किंचित् कमीच. परंतु कळसूबाईच्या पायथ्याशीं नांदतें गांव आहे. येथें मैलोगणती वस्ती नाहीं.

मिलिनॉकेट गांव मागें टाकून आम्ही आश्विनांत डेसी तळ्याच्या कांठीं गेलों. वनांत डांबरी रस्ते नाहींत, विजेचे दिवेही नाहींत. मेनचे माजी गव्हर्नर पर्सिव्हल बॅक्स्टर यांनीं पदरच्या पैशानें हें शिखर विकत घेऊन १९३१ सालीं लोकांस अर्पण केलें. अट एवढीच कीं, रान सदैव रानच राहावें. तळ्यांत पर्वताचें निश्चळ प्रतिबिंब पडलें होतें. घटकाभरांत माथ्यावर ढग उतरला आणि अर्धा पर्वत दिसेनासा झाला. भगवद्गीतेचा चाहता म्हणून आपणांकडेही परिचित असलेला ग्रंथकार थोरो १८४६ सालीं या पर्वतावर चढला. त्यासही ढगांमुळें सर्वोच्च शिखर न गांठतांच परतावें लागलें होतें.

अशाच ढगांत १७ जुलै १९३९ रोजीं डॉन फेंडलर हा १२ वर्षांचा मुलगा हरवला. वडील, भाऊ व इतर मंडळींसमवेत तो चढत होता. तो व एक सोबती पुढें गेले, माथ्याजवळ धुक्यानें त्यांस वेढलें. सोबती तेथेंच थांबला, आणि त्यास मोठ्यांची गांठ पडली. डॉन मात्र वडिलांकडे जावें म्हणून एकटाच मागें फिरला. माथ्याजवळील पठारावर सर्वत्र सारखेच धोंडे. तेथें त्याची वाट चुकली.

शेंकडों माणसें आणि वास काढणारे कुत्रे शोधार्थ निघाले. इकडे मुलगा ओढ्याच्या कांठानें उतरत राहिला. ओढा वस्तीस नेतो हा त्याचा विचार चुकीचा नव्हता. पण प्रत्येक पावलागणिक तो शोधकांपासून दूर जात होता. जोडे गेले, विजार गेली; रानांतील फळें आणि ओढ्याचें पाणी एवढाच आहार, वर माशाडांसांचा उपद्रव. त्यानें देवाची प्रार्थना सोडली नाहीं. नवव्या दिवशीं, २५ जुलैस, पेनॉब्स्कॉट नदीच्या पैलतीरावरील तळाच्या रखवालदारानें त्यास पाहिलें व होडी नेऊन वांचविलें. त्याचें वजन १६ पौंडांनीं घटलें होतें. पुढें तो सैन्यांत अधिकारी झाला, वृद्धपणापर्यंत शाळाशाळांतून मुलांस आपली हकीकत सांगत असे, व २०१६ सालीं वयाच्या नव्वदाव्या वर्षीं वारला.

त्याचें धैर्य वंद्यच आहे. परंतु त्याचें चालणें अनुकरणीय मानूं नये. १९८१ सालीं कॅलिफोर्नियांतील पालोमार पर्वतावर भावांसह गेलेला नऊ वर्षांचा एक मुलगा असाच चुकला आणि थंडीनें गतप्राण झाला. त्याच्या शोधांत सामील झालेल्यांनीं त्या दुःखांतून मुलांसाठीं एक शिक्षणक्रम काढला. त्याचा उपदेश अगदीं सोपा आहे: वाट चुकली असें वाटतांच जवळच्या झाडास मिठी मारावी आणि तेथून हलूं नये. झाडाशीं बोलल्यानेंही भीति कमी होते. जवळ एक शिटी व थंडीपावसांत पांघरण्यास मोठी प्लास्टिकची पिशवी असावी. हांका मारीत येणारीं अनोळखी माणसें मित्रच होत. त्यांस ओ द्यावी.

हें शेवटचें विशेष महत्त्वाचें. घरीं रागावतील या भीतीनें चुकलेलें मूल कधीं कधीं लपूनही बसतें. सुटीत मुलांस गडावर नेणाऱ्या वडील मंडळींनीं शिदोरीबरोबर शिटी द्यावीच. पण निघण्यापूर्वीं ‘चुकलास तर आम्ही रागावणार नाहीं, तूं फक्त जागा सोडूं नकोस, आम्हीच येऊं’ हें अभय प्रत्येक मुलास स्पष्ट शब्दांत द्यावें, आणि पुढें धांवणाऱ्यास व मागें रेंगाळणाऱ्यास दृष्टीआड होऊं देऊं नये.